काठावरचा संसार

शाळेत वनस्पतीपेशीची आकृती काढताना सगळ्यात कमी कष्ट रिक्तिकेला पडत. केंद्रक गडद करायचे, हरितलवके हिरव्या पेन्सिलीने रंगवायची, तंतुकणिकेच्या पोटात नागमोडी रेघ ओढायची, आणि एवढे सगळे झाल्यावर मधोमध जो भला थोरला पांढरा भाग उरेल त्याला बाण मारून 'रिक्तिका' असे लिहायचे. रंग नको, रेघ नको, ठिपका नको. वर्गातल्या आळशी मुलांचा तो हक्काचा अर्धा गुण होता. 'कार्य सांगा' म्हटले की 'पाणी व टाकाऊ पदार्थ साठवणे', आणि पुढचा प्रश्न.

त्या आकृतीतली गंमत अशी की तिचे माप सपशेल खोटे असते. पूर्ण वाढलेल्या पानाच्या पेशीत रिक्तिका 80 ते 90 टक्के जागा अडवून बसलेली असते. आपण ज्यांना मन लावून रंगवले ती सगळी मंडळी, केंद्रकासकट, उरलेल्या दहा-वीस टक्क्यांत, भिंतीला पाठ लावून अंग चोरून उभी असतात. मापात आकृती काढायची तर कागद जवळजवळ कोरा सोडावा लागेल आणि परीक्षक भोपळा देतील. तरी खरे ते तेच. जिला आपण जिवंत पेशी म्हणतो तिचा सगळा संसार काठावर असतो, आणि घराचा मधला भाग तिने दुसऱ्याच कशाला तरी देऊन टाकलेला असतो.

या मधल्या भागाला स्वतःचे पटल असते, आणि ते पटल काम करणारे असते, हे ओळखले डच वनस्पतिशास्त्रज्ञ ह्युगो द व्रीस यांनी. 1885 साली त्यांनी त्याला 'टोनोप्लास्ट' हे नाव दिले. पुढे 1900 मध्ये मेंडेलचे विस्मरणात गेलेले आनुवंशिकतेचे नियम ज्यांनी पुन्हा उजेडात आणले त्यांत हेच द व्रीस होते, आणि जगाने त्यांना लक्षात ठेवले ते त्यासाठी. रिक्तिकेच्या वाट्याला तिथेही अर्धाच गुण आला.

मला हा विषय सुचतो तो बहुधा नार्व्याला गेल्यावर. डिचोली तालुक्यातले हे गाव, मावशीचे सासर. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पलीकडच्या दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पाडले तेव्हा देव नदी ओलांडून इकडे आला, आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. देवळाकडून उतरत फेरीबोटीच्या धक्क्यावर आले की समोर मांडवी. पावसाळ्यात गोडी, गढूळ, फाल्गुन-चैत्रात खारी. काठाला तिवरांची दाटी. फेरीबोट पलीकडे असेल तर हमखास वाट बघावी लागते आणि वाट बघताना माणूस हाताशी असेल ते पान तोडतो. तिवराचे पान तोडलेत तर उलटून बघा. उन्हाळ्याच्या दिवसांत त्याच्या पाठीवर बारीक पांढरे कण चमकताना दिसतात. जीभ लावली की कळते, मीठ आहे. (जीभ लावताना कोणी पाहत नाही ना, याची खात्री करून घ्यावी. फेरीबोटीची वाट पाहणारे पान चाटत नाहीत.)

हे झाले झाडाने पानातल्या ग्रंथींतून बाहेर टाकलेले मीठ. पण सगळेच मीठ असे बाहेर टाकता येत नाही. मुळांनी कितीही गाळून घेतले तरी काही आत शिरतेच, आणि पेशीतली विकरे इतकी नाजूक, की खाऱ्या पाण्यात त्यांचे कामच बिघडते. मग हे मीठ ठेवायचे कुठे? मधल्या त्या पांढऱ्या भागात.

नार्व्याच्या समोर दिवाडीला, चोडणाला खाजने आहेत. खाजन म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळवलेली शेतजमीन. गोव्यात अशी सुमारे 17-18 हजार हेक्टर सांगतात. बांध मातीचा, बाहेरून जांभ्या चिऱ्यांचा, आणि त्याला मानस. मानस म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरती आली की नदीचे पाणीच झडपा दाबून बंद करते. ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. विजेचे बिल नाही, कळ दाबायला माणूस नको. (मानसाच्या तोंडाशी मासे धरण्याचा हक्क लिलावात जातो आणि त्यावरून गावागावांत काय काय होते, तो वेगळ्या निबंधाचा विषय. तो लिहिणाऱ्याने गावाबाहेर राहून लिहावा.)

टोनोप्लास्ट हा असाच बांध आहे, फक्त उलटा घातलेला. खाजनात खारे बाहेर अडवायचे आणि आत भात पिकवायचे. तिवराच्या पेशीत खारे आत, मधोमध कोंडायचे, आणि भात काठावर पिकवायचा. शिवाय इथला मानस फुकट चालत नाही. पेशी आपल्या कमाईतला एटीपी मोजून हायड्रोजनचे आयन रिक्तिकेत ढकलत राहते. ते बाहेर यायला धडपडतात. त्यांना बाहेर सोडायचे आणि त्या बदल्यात सोडियम आत घालायचे, असा तिथल्या दाराचा व्यवहार. बरे, एवढे करून मीठ कोंडले की नवी पंचाईत. मीठ पाणी ओढते. आत मिठाचा साठा झाला की काठावरच्या पेशीद्रव्यातले पाणीही तो ओढून घेणार आणि काठ वाळणार. म्हणून पेशीद्रव्य ग्लायसीन बीटेनसारखे निरुपद्रवी पदार्थ स्वतः बनवून अंगात मुरवून घेते, म्हणजे दोन्हीकडची ओढ बरोबरीची होते. शत्रूला घरात कोंडून ठेवायचे तर त्याच्याइतके वजन स्वतःचेही वाढवावे लागते, हे त्या पानाला कोणी शिकवले कोण जाणे. मला ते पन्नाशीनंतर कळले, आणि वजन भलत्याच ठिकाणी वाढले.

आता मावशीच्या स्वयंपाकघरात या. चवथीच्या दिवसांत तिथे अळू शिजत असते. अळवाच्या पानात काही खास पेशी असतात आणि त्यांच्या रिक्तिकांत कॅल्शिअम ऑक्झलेटच्या सुया जुडी बांधून ठेवलेल्या असतात. पान धड असेतो त्या कोणाला टोचत नाहीत. कच्चे चावले, की पेशी फुटतात आणि सुया घशात घुसतात. म्हणून अळू नीट शिजवायचे आणि त्यात आंबाडे घालायचे. आंबाडे पुरेसे आंबट नसले तर मावशी सुनेला बसल्या जागेवरून सांगते, "दोन सोलां चड घाल गो." मावशीने रिक्तिकेची आकृती कधी काढलेली नाही. पण अळवाच्या रिक्तिकेतल्या खाजेवर भिरंडीच्या, म्हणजे कोकमाच्या, रिक्तिकेतला आंबटपणा घालायचा, हा तिचा नेम आहे, आणि तो चुकला की जेवणारे सगळे एकाच वेळी खाकरतात.

कारण सोलाचा आंबटपणाही तिथलाच. भिरंडीच्या सालीतली आम्ले रिक्तिकेत, तिचा तो गडद लाल रंगही रिक्तिकेत. तांबड्या भाजीचा रंग रिक्तिकेत, जास्वंदीचा रिक्तिकेत. हिरवा सोडला तर परसातले पुष्कळसे रंग, आणि जवळजवळ सगळा आंबटपणा, त्या 'काही नसलेल्या' जागेतून येतो. लिंबाचे उदाहरण घ्या. त्याच्या रसाच्या पेशीत रिक्तिकेचा सामू 2 ते 2.5 आणि काठावरच्या पेशीद्रव्याचा 7 च्या आसपास. फरक जवळजवळ पाच अंकांचा दिसतो, पण सामूच्या मोजपट्टीवर दर अंकाला दहापट होते, म्हणजे आतला रस पेशीद्रव्यापेक्षा लाखभर पटीच्या घरात आम्ल. आणि मध्ये काय, तर एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतके जेमतेम जाडीचे पटल. एवढ्याशा पडद्याआड लिंबू आपले आम्ल सांभाळते आणि स्वतः आंबत नाही. आपण मात्र एक कडू शब्द पोटात ठेवायचा तर दोन दिवस तोंड वाकडे करून हिंडतो.

कांद्याची तऱ्हा याहून हिशेबी. त्याने झोंबणारा पदार्थ तयार करून ठेवलेलाच नाही. ज्यापासून तो बनतो ते द्रव्य काठावर आणि ते बनवणारे विकर रिक्तिकेत, अशी दोघांची ताटातूट करून ठेवली आहे. सुरीने मधले पटल कापले, की दोघे भेटतात, आणि रडतो आपण.

पानफुटीची गोष्ट तर आपल्या देशात नोंदली गेली आहे. मद्रासेकडे राहून इथल्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या बेंजामिन हाइन या गृहस्थांनी पानफुटीची पाने निरनिराळ्या वेळी चाखून पाहिली. सकाळी चांगली आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळकडे किंचित कडवट. हे त्यांनी पत्राने लंडनला कळवले आणि 1815 मध्ये ते लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. कारण पुढच्या लोकांनी शोधले. पानफुटी दिवसा आपली रंध्रे मिटून घेते, नाहीतर उन्हात पाणी उडून जाईल. रात्री गारव्यात ती उघडते, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि मॅलिक आम्लाच्या रूपात रिक्तिकेत रचून ठेवते. दिवस उजाडला, ऊन आले, की तो साठा काढून त्याची साखर करते. अननसही हेच करतो. पण मला कौतुक वाटते ते हाइनसाहेबांचे. दिवसातून तीन वेळा एकाच झाडाची पाने चघळणाऱ्या माणसाकडे मद्रासेचे शेजारी कसे पाहत असतील? तिवराचे पान चाटणाऱ्यांना एवढा पूर्वज पुरे.

तरीही साठवण हे रिक्तिकेचे निम्मेच काम. उरलेले निम्मे म्हणजे पेशीला, आणि पेशीमुळे झाडाला, उभे ठेवणे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजीवाली तांबड्या भाजीच्या जुड्यांवर अधूनमधून पाणी शिंपडते आणि मान टाकलेली पाने ताठ होतात. काडीत हाड नाही. ताठपणा सगळा पाण्याचा. रिक्तिकेतल्या क्षार-शर्करांच्या ओढीने पाणी आत येते, ती फुगते आणि काठावरच्या पेशीद्रव्याला बाहेरच्या भिंतीवर दाबून धरते. हा दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दाबाहून दुप्पट-तिप्पट सहज असतो. लाजाळूला बोट लावले की पान मिटते, ते देठाच्या बुडाशी असलेल्या काही पेशी आपले पाणी एकदम सोडून देतात म्हणून. लाजणे वगैरे आपले.

हा सगळा प्रकार डोळ्यांनी बघायचा असेल तर शाळेच्या व्हरांड्यातल्या कुंडीत लावतात तो ऱ्हिओ घ्यावा. वरून हिरवे, खालून जांभळे पान. ते वाकवून मोडायचे आणि खालच्या बाजूची पातळ साल ओढून काढायची. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात साल, वर आच्छादक काच. सूक्ष्मदर्शकात बहुकोनी पेशी दिसतात, काठोकाठ जांभळ्या. जांभळी आहे ती रिक्तिका. बाकीची पेशी, जिच्या प्रत्येक भागाची नावे आपण पाठ केली, ती दिसतच नाही. जांभळ्याच्या आणि भिंतीच्या मध्ये कुठेतरी ती आहे असे आपण धरून चालायचे. आता काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद धरायचा. क्षणभर काही होत नाही. मग एका कोपऱ्यातला जांभळा रंग भिंत सोडतो. दुसरा कोपरा सोडतो. भिंती जागच्या जागी राहतात आणि आतला जांभळा गोळा आक्रसत मधे सरकतो, रंग गडद होत जातो. फार उशीर केला नाही आणि साधे पाणी परत सोडले, तर तो हळूहळू फुगून पुन्हा भिंतीला भिडतो. मुले पहिल्यांदा हे बघतात तेव्हा एकच विचारतात, "सर, ती मेली का?" नाही मेली. रुसली होती म्हणा.

मग घरात एवढी जागा देण्याचा हिशेब काय? हिशेब काटकसरीचा आहे. झाडाला ऊन पकडायचे तर पसरायला हवे, आणि पसरायला माल लागतो. पेशीद्रव्य बनवायचे म्हणजे प्रथिने, म्हणजे नायट्रोजन, म्हणजे महागाई. पाणी त्या मानाने स्वस्त. म्हणून कोवळी पेशी वाढताना आपला महाग भाग बेताचाच वाढवते आणि मधल्या बाजूला पाणी भरत जाते. आषाढात बेटातून वर आलेले बांबूचे कोंब, आमच्याकडची किल्लां, दिवसाला वीतभर सहज वाढतात. एवढी वाढ जिवंत द्रव्य तयार करून होत नसते. आहे त्या पेशी पाण्याने लांब होतात. प्राण्यांनी हा मार्ग धरला नाही. आपल्या पेशींत असे मोठे तळे नाही. आपल्याला पळायचे असते आणि पाणी भरून घेऊन पळवत नाही. त्यातल्या त्यात देवळाच्या तळीतल्या पाण्यात हिंडणारे पॅरामीशियम रिक्तिका बाळगते, पण ती साठवणीची नव्हे. गोडे पाणी सारखे आत झिरपते, ते गोळा करून ती थोड्या थोड्या वेळाने बाहेर फेकत बसते. बिचारीचा जन्म पाणी उपसण्यात जातो.

चैत्रात डोंगरावर काजूचा हंगाम असतो. बोंडू कोळंबी नावाच्या कुंडीत तुडवतात, रस भांड्यांत आंबायला ठेवतात आणि मग भाटी लागते. तुडवणे म्हणजे दुसरे काय, बोंडूतल्या असंख्य रिक्तिका पायाने फोडणे. हुर्राक पिणाऱ्याला ही माहिती दिली तर तो पेला खाली ठेवत नाही. मी पाहिले आहे. त्या रसात जे यीस्ट वाढते त्याच्या इवल्याशा पेशीतही एक रिक्तिका असते, आणि एकेकाळी तिच्याकडे शास्त्रज्ञसुद्धा 'कचरा टाकायची जागा' म्हणून बघत. जपानच्या योशिनोरी ओसुमींनी 1988 मध्ये, जिच्या रिक्तिकेतली प्रथिने पचवणारी विकरे निकामी होती अशी यीस्टची जात घेतली आणि तिला उपाशी ठेवले. काही तासांतच तिच्या रिक्तिकेत बारीक बारीक गोळ्या गोळा झाल्या. उपाशी पेशी आपलाच जुना, बिघडलेला माल पुड्या बांधून रिक्तिकेत नेऊन टाकत होती. एरवी तो तिथे मोडला जातो आणि सुटे भाग पुन्हा कामी येतात. विकरे निकामी असल्यामुळे यावेळी पुड्या तशाच साचल्या आणि दिसल्या. आपली पेशीही उपासमारीत असेच स्वतःचे मोडून खाते. या कामाला 2016 चे नोबेल मिळाले. यीस्टचा हा उपवास कडक असतो, हे लक्षात घ्यावे. साबुदाणा नाही, शिंगाड्याचे थालीपीठ नाही. गोकुळाष्टमीला नार्व्यात तीर्थस्नानाला येणाऱ्यांत माझ्यासारखे पुष्कळजण उपवासाचे असतात. त्या दिवशी आम्ही जे जे खातो ते पाहता आमच्या पेशींना जुना माल काढायला उसंत मिळत असेल असे वाटत नाही.

साठवणे, रंगवणे, उभे करणे, मोडून परत देणे. एवढे सगळे जिच्याकडून करून घ्यायचे तिला पेशी आपल्या व्यवहारात मात्र कधी मिसळू देत नाही. रिक्तिकेत आम्ल, क्षार, विष आणि पचवणारी विकरे, म्हणजे पेशीचा घास घ्यायला लागणारे सगळे साहित्य, तयार ठेवलेले असते. ते पटल फाटले की संपले. तरी पेशी जन्मभर त्याच पटलाला लागून नांदते. भोळेपणाने म्हणावे तर तसे नाही, कारण कधी कधी ते पटल ती स्वतः फाडते.

माडाच्या खोडातून पाणी वर चढते ते पोकळ नळ्यांतून. या नळ्या बनतात त्या जिवंत पेशींपासून. पेशी लांब होते, भिंतीवर आतून जाड वेटोळी चढवते, भिंत पक्की करते, आणि सगळे झाल्यावर रिक्तिकेचे पटल फुटू देते. आतली विकरे काठावरच्या संसारावर येतात. केंद्रक, तंतुकणिका, सगळे पचून जाते. उरते ती भिंत आणि आरपार वाट. आंबा-फणसासारखी झाडे दरवर्षी खोडाला नवे कडे चढवतात, नव्या नळ्या करतात. माडाची जात तशी नव्हे. त्याचे खोड एकदा झाले ते झाले. बुंध्यातल्या नळ्या त्याला जन्मभर पुरवाव्या लागतात. मावशीच्या परसातला नदीकडचा माड तिच्या सासऱ्यांनी लावलेला आहे. आज त्यावर पाडेली चढून शहाळी उतरवतो. ते पाणी ज्या नळ्यांतून वर गेले त्या रिकाम्या झाल्या तेव्हा सासरे तरुण होते, पोर्तुगिजांचे राज्य होते आणि मावशीचा जन्म व्हायचा होता. पाडेली झाडामागे पैसे घेतो आणि दर वर्षी वाढवून मागतो. मावशी दर वर्षी कुरकुरते आणि देते. पाणी चढवणाऱ्यांचे देणे त्या माडावर काही नाही, ते सासऱ्यांच्या वेळीच फिटले.